पोश्याच्या हातातली बंदूक

भागीवहिनी चैत्रात गेली, म्हणून आता सांगतो. ती होती तोवर यातलं अवाक्षर काढायचं नाही, असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. ज्याच्या तोंडाला जन्मात कुलूप नव्हतं असा मी, तिच्या शब्दाखातर गप्प राहिलो. माझी बायको सकू हिला याचंच नवल जास्त वाटतं.

माझं नाव लक्ष्मण, पण दाभोशापासून जव्हारच्या बाजारापर्यंत मला लक्ष्याच म्हणतात. धंदा दगडाचा. तरुणपणी वसईकडच्या खाणींत हात घडला, मग गावी येऊन पाटे-वरवंटे घडवले, जात्यांना टाकी लावली. आता पाड्यावरसुद्धा मिक्सर घरघरतात, जात्याला कोण विचारतो! राहिले ते चिरे. आमच्या पाड्यावर माणूस गेला, की घरच्यांना जमेल तेव्हा त्याचा चिरा बसवतात. काळा दगड, हातभर उंच. वर चंद्र-सूर्य, खाली माणूस, आणि माणसाच्या हातात तो जन्मभर जे धरून होता ते. कुणाला विळा, भगताला सूप. एक मास्तर गेले तेव्हा मी त्यांच्या हातात पुस्तक काढलं, तर लोक म्हणाले, पाटी दिसते. दिसेना का! पाटी काय कमी असते?

आणि एक जुनी रीत आहे. हातात हत्यार असताना ज्यानं पाठ दाखवली, त्याच्या चिऱ्यावर हत्यार काढायचं नाही. हात रिकामे, खाली सोडलेले. तसा चिरा मी कधी घडवला नव्हता. पोश्याचा पहिला होणार होता.

पोश्या माझ्याच वयाचा. एकाच ओहोळात खेकडे धरून आम्ही मोठे झालो. अंगानं वाळकी काटकी, बोलणं चार शब्दांचं, पण पाड्यावर त्याला मान होता, कारण आख्ख्या पाड्यात परवान्याची बंदूक त्याची एकट्याची. एक नळीची. त्याच्या आज्याला कुण्या जंगलठेकेदारानं धंदा गुंडाळताना देऊन टाकलेली. आज्याची बापाकडे, बापाची पोश्याकडे आली. पिकाच्या राखणीसाठी परवाना. भात-नाचणी पोटरीत आली की पोश्या तिन्हीसांजेला बंदूक खांद्यावर टाकून बांधाबांधानं फिरायचा. रानडुकरांची चाहूल लागली की एक बार काढायचा. डुकरांना पळता भुई थोडी व्हायची आणि आम्ही निवांत जेवायला बसायचो. त्याबद्दल दर घरातून त्याला पायलीभर नाचणी जायची. कुणी मोजून मागितली नाही, कुणी चुकवली नाही.

त्या बंदुकीचा त्यांच्या घरात भलता सोवळेपणा. बाईमाणसानं हात लावायचा नाही, दसऱ्याला पूजेतसुद्धा नाही. मधल्या खांबाशी ती उभी असायची. भागीवहिनी म्हणजे पोश्याची बायको. ती जमीन सारवायची तेव्हा बंदूक हलवायला पोश्या घरात नसायचा, मग ती भोवतीनं हात फिरवून सारवायची. सकू तिला चिडवायची, "अगं, ती तुझी सवत का गं?" वहिनी हसायची. "सवतीला निदान शिव्या तरी देता येतात."

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. हस्ताचा पाऊस लागून राहिला होता. दिवस मावळायला टेकला होता आणि माझा धाकटा भाऊ माघ्या खालच्या खाचरात बांध फुटलेला बुजवत होता. मी वरच्या बांधावर. नाचणीतून एकाएकी डुक्कर निघालं, आणि ते सरळ माघ्यावर आलं. मी ओरडलो. पोश्या माझ्याहून जवळ होता, पन्नास पावलांवर असेल. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानं बंदूक खांद्याला लावली. धरली. धरून उभा राहिला. बार नाही. डुकरानं माघ्याला आडवा पाडला, तरी बार नाही. मग पोश्यानं बंदूक चिखलात टाकली, आमच्याकडे पाठ केली आणि खाली उकिडवा बसला. माझा भाऊ किंचाळत होता आणि हा गडी पाठ करून बसला होता!

मी कोयता घेऊन बोंबलत पोचलो तेव्हा डुक्कर पळालं. माघ्याची मांडी फाटलेली. जीपनं जव्हार, तिथून नाशिक. रक्त फार गेलं होतं. तिसऱ्या दिवशी माघ्या गेला.

माझं डोकं तापट. दगडाशी भांडून पोट भरणाऱ्याचं डोकं थंड कसं राहणार? माघ्याच्या दिवसांच्या जेवणाला सगळा पाडा जमला होता, पोश्याही आला होता, कोपऱ्यात बसला होता. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, "पोश्या, तुझ्या खांद्याला बंदूक कशाला? हातात बांगड्या भर. माझ्या भावाला खाल्लंस तू." कुणीतरी मला आवरायला आलं, मी त्यालाही ढकललं. पोश्या उठला. एवढंच बोलला, "चुकलं माझं." आणि निघून गेला.

निदान भांडायला तरी हवं होतं त्यानं! भांडला असता तर माझ्या मनातलं निवळलं असतं. पण त्यानं कधी तोंड उघडलं नाही. त्या वर्षी त्याच्या घरी कुणाची पायली गेली नाही. मीच फिरून सगळ्यांना सांगितलं होतं. तरी तिन्हीसांजा झाली की तो फिरायचाच. माझ्या शेताच्या कडेलाही यायचा आणि बार काढायचा. धाड! भाकरीचा घास माझ्या हातात तसाच राहायचा. आता काढतोस होय रे बार? तेव्हा का नाही काढलास? रोज संध्याकाळी मी त्याला नव्यानं शिव्या घालायचो, आणि सकू म्हणायची, "जेवा गुमान."

तीन वर्षं तो असाच झिजला. जेवण सुटलं, खोकला जडला, आणि फाल्गुनात गेला. मी खांदा द्यायला गेलो नाही. घराच्या ओट्यावर वरवंट्याला टाकी मारत बसलो. सकू एकटी गेली.

त्याचा मुलगा धनेश ठाण्याला एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे. त्याला बंदूक नको होती. बाराव्यानंतर आईला घेऊन त्यानं ती नाशकात एका बंदुकीच्या दुकानात जमा केली. परवानाधारक मेला की जमा करावीच लागते. पालघरपेक्षा नाशिक ओळखीचं, आणि पोश्याचं नेहमीचं दुकानही तेच.

पुढच्या वर्षी माघात भागीवहिनी माझ्या ओट्यावर आली. सकूनं पाणी दिलं, तिनं ते घेतलं नाही.

"लक्ष्याभाऊ, चिरा करायचा हाय."

"करू की. दगड आणलाय मी."

"हातात बंदूक काढा."

मी टाकी खाली ठेवली. सरळ सांगितलं, "वहिनी, रीत तुम्हाला ठाऊक आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हात रिकामे निघतील. पटत नसेल तर दुसरा पाथरवट बघा." दुसरा पाथरवट पंचक्रोशीत नाही हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. सकू मागून म्हणाली, "मेल्या माणसाला किती माराल?" मी तिच्यावरही खेकसलो.

वहिनी रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "रिकामे काढायचे तर काढा. पण आधी नाशकाला चला माझ्यासंगं. ती बंदूक एकदा जवळून बघा. मग तुमच्या मनाला येईल ते काढा. मी एक शब्द बोलणार नाय."

नको म्हणणार होतो. पण सकूनं माझा धुतलेला सदरा आणून पुढ्यात टाकला. त्या दोघींपुढे माझं काय चालणार!

सकाळच्या एसटीनं निघालो. मोखाड्यावरून, त्र्यंबकावरून. दुकान जुन्या नाशकात, एका बोळात. आत तेलाचा वास, भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. वहिनीनं प्लास्टिकच्या पिशवीतून पावती काढून दिली. त्यानं ती उजेडात धरली. "तुमच्या डोंगराकडच्या एक नळीच्या तीन पडल्यात माझ्याकडे. थांबा, नंबर ताडून बघतो," म्हणत त्यानं आतून तिन्ही आणून फळीवर मांडल्या आणि चष्मा शोधायला लागला.

मला वाटलं, यात नंबर कशाला बघायचा? चाळीस वर्षं पोश्याच्या खांद्यावर बघितलेली. मधली चकचकीत होती, तिच्यावर बोट ठेवलं. "हीच."

भागीवहिनीनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, चुकून लागू नयेत म्हणून. नुसती वाकून तिनं तिन्ही बंदुकांची बुडं पाहिली. "ती नव्हं. कडेची."

"कशावरून?"

"बूड बघा ना."

बघितलं. लाकडी दस्त्याच्या बुडाला, बोटभर वर, एक राखाडी कडं होतं. वाळलेल्या शेणाचं. एकावर एक थर बसून लाकडाला चिकटलेलं. ती भोवतीनं सारवत आली होती, त्या सगळ्या वर्षांचं ते कडं. नवऱ्याची बंदूक तिनं कधी हातात घेतली नव्हती, पण तिचं बूड तिला पाठ होतं. तोवर चष्मा सापडला. म्हाताऱ्यानं नंबर वाचला. कडेचीच.

"अरे, ही तर पोशाभाऊंची!" म्हातारा म्हणाला. "हिनं मला फार छळलंय. आमच्यात हिचं नाव 'अनोळखी'. जमा झाली तेव्हा माझ्या नातवानं घेतली, मी गावाला होतो, नाहीतर तेव्हाच बोललो असतो." त्यानं नळी उजेडाकडे केली. नळीवर अंड्यासारखा शिक्का, वर छोटा मुकुट. "यावरून बेल्जियमची एवढं कळतं. पण कुणी केली, मॉडेल कोणतं, कुठंच नाव नाही. चापाच्या खाली हा खटका बघा, आडवा फिरतो. असा मी दुसऱ्या बंदुकीला पाहिला नाही. आणि आतली पिन तर अशी तिरकी बसवलेली, की कुठल्याच बंदुकीची तिला लागेना."

मी विचारलं, "पिन कशाला लागायला हवी?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "तुम्हाला ठाऊक नाही? पिन तुटलेली होती हिची. घोडा पडायचा, पण काडतुसापर्यंत पोचायला काही नव्हतंच. पोशाभाऊ पहिल्यांदा आले त्याला दहाबारा वर्षं झाली असतील. म्हणाले, शेठ, हिला बोलती करा. मी सगळे डबे उपसले. नाही लागली. दोन वर्षांनी त्यांनी लोहाराकडून घडवून आणली, तीही दुसऱ्याच ठोक्याला वाकली. दरवर्षी यायचे. मॉडेल कळलं का, विचारायचे. चहा प्यायचे, जायचे. आणि जाताना म्हणायचे, कुणाला बोलू नका."

दहाबारा वर्षं! माघ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मी फळीला धरलं. पाठीवर डोंगर ठेवला असता तरी एवढा भार वाटला नसता.

म्हातारा बोलतच होता. त्याला बापड्याला काय ठाऊक! त्यानं बंदुकीचे फोटो बिहारातल्या मुंगेरच्या एका जुन्या बंदूक-कारागिराला पाठवले होते. वर्षानुवर्षं उत्तर नाही. आणि मागच्या पावसाळ्यात उत्तर आलं. असल्या बंदुका शंभरेक वर्षांपूर्वी गठ्ठ्यानं आलेल्या, जंगलातल्या लोकांसाठी, बिननावाच्या. पिन पुढून घालायची असते, बाजूचा स्क्रू काढून. मुंगेरच्या त्या माणसानं एक घडवूनही पाठवली. "पोशाभाऊंना फोन लावला, तर बंद. नंतर कळलं ते गेले."

त्यानं खणातून एक प्लास्टिकची पुडी काढली. तिच्यात ती पिन. बाभळीच्या काट्याएवढी. एवढीशी वस्तू, आणि ती माणूस गेल्यावर पाचव्या महिन्यात आली.

वहिनीनं विचारलं, "ही एवढी पुडी नेता यील का?"

"नाही हो माई. बंदुकीचा भाग आहे, परवान्याशिवाय देता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. हात अजून पदरातच होते.

मी खिशातली मापाची सुतळी काढली आणि बंदूक मापली. नळी, दस्ता, तो आडवा खटका. दोनदा मापली, कारण पहिल्यांदा डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.

स्टँडवर एसटीला वेळ होता. वडापाव घेतला, तो दोघांनीही खाल्ला नाही. मी म्हणालो, "वहिनी, मग ते बार? रोजचे बार?"

"सुतळी बॉम्ब," ती म्हणाली. "दिवाळीला तो वर्षाचे घेऊन ठेवायचा. पावसात सादळू नयेत म्हणून चुलीवरच्या शिंक्यात मी ठेवायची. रोज एक बॉम्ब आणि काडीपेटी कमरेला लावून द्यायची."

मला एकदम दिसलं. हस्ताचा पाऊस. बंदूक चिखलात टाकलेली. पाठ करून उकिडवा बसलेला पोश्या. वाऱ्यापावसाला आडोसा करायला पाठ केली होती त्यानं! काडी ओढत होता. माझ्या भावासाठी एकामागून एक काड्या ओढत होता, आणि मी वरच्या बांधावरून त्याची पाठ बघत होतो.

"मग आधी बंदूक का धरली? ठाऊक होतं ना उडणार नाही?"

"दर वेळी धरायचा. म्हणायचा, एखादवेळ उडंल."

"मला सांगायचं होतं त्यानं! एक शब्द बोलला असता तर मी..."

"काय सांगणार व्हता? सा-सात वर्षं पाड्याची पायली खाल्ली मेल्या बंदुकीवर, असं? परवाना गेला असता. आणि पाड्यात बंदूक हाय एवढ्यावर तुमी सगळे निवांत निजता, असं म्हणायचा." मग माझ्याकडे न बघता तिनं शब्द घेतला, की ती जिवंत असेतो हे पाड्यात बोलायचं नाही. "भेकड म्हणाले तर म्हणाले. फसवा नको म्हणायला."

चिरा घडवायला मला एरवी आठ दिवस लागतात. हा एक महिना पुरला. किती वेळा टाकी ठेवली आणि ओट्यावर बसून रडलो, ते सकूला विचारा. ती पहिल्यांदाच मला काही विचारत नव्हती. बंदूक खांद्याला लावलेली काढली, मापाप्रमाणे. आडवा खटका काढला, जो पाड्यात कुणाला कळणार नव्हता. दस्त्याच्या बुडाला बारीक कडं काढलं.

वैशाखात चिरा बसवला. भगतानं कोंबडं दाखवलं, दारूची धार धरली. फडकं काढलं तशी माणसं कुजबुजली. लक्ष्यानं बंदूक काढली? मी सगळ्यांपुढे उभा राहिलो. कारण सांगायचं नव्हतं, मग उरलं काय? म्हणालो, "चुकलं माझं." तेवढंच. जिभेवर आलेलं सगळं गिळलं.

"म्हातारपणी मऊ पडला," कुणी म्हणालं. "धनेशनं खिसा गरम केला असणार," दुसरा म्हणाला, मला ऐकू येईल असं. पहिला लक्ष्या असता तर त्याची बत्तिशी घशात घातली असती. पण मला त्या दिवशी कळलं, चार शब्दांच्या त्या माणसानं तीन वर्षं काय गिळलं होतं. माझं तर एका दुपारीच तोंड कडू झालं होतं.

माणसं जेवायला सरकली. भागीवहिनी शेणाचा गोळा घेऊन आली आणि चिऱ्याभोवती सारवू लागली. हात सवयीनं दगडाला टाळून भोवतीनं फिरत होता. मी म्हणालो, "वहिनी, आता लावा हात. ही दगडाची आहे."

तिनं पदराला हात पुसला. नळीवर ठेवला, घोड्यावर, मग दस्त्यावरून खाली त्या कड्यापर्यंत नेला आणि तिथंच थांबली. आणि मग हमसून हमसून रडली. पोश्या गेला तेव्हाही अशी रडली नव्हती, असं सकू सांगते.

"लक्ष्याभाऊ," ती म्हणाली, "एक राह्यलंय. ते त्यालाबी कधी बोलले नाय. त्या दिवशी काडीपेटी शिंक्यात नव्हती. आदल्या दिवशी मी चूल पेटवून ओट्यावर ठेवली आन तिथंच विसरले. रातभर पाऊस झाला. दुपारी उचलली, हाताला ओली लागली, आन तशीच त्याच्या कमरेला लावली. म्हटलं, एका दिवसानं काय व्हतंय. तुमचा माघ्या माझ्यापायी गेला."

ती माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणतो याची वाट बघत होती. चार वर्षं ती मला रोज बघत होती, माझ्या शिव्या ऐकत होती, आणि प्रत्येक शिवी आपलीच म्हणून घेत होती. माघ्याचा चेहरा माझ्यापुढे आला. नाही कसा येईल? भाऊ होता माझा.

मी तिच्या शेजारी बसलो. राहिलेला शेणाचा गोळा घेतला आणि पलीकडची बाजू सारवायला लागलो.

"सादळते काडीपेटी पावसात," मी म्हणालो. "सगळ्यांच्याच घरात सादळते, वहिनी."